इसार, अनामत आणि एक मोकळी जागा



एप्रिल महिना आपल्या घरांत दुहेरी लगबग घेऊन येतो. १४ एप्रिलच्या जयंतीसाठी सभागृह ठरवायचे, मुलांची भाषणे बसवायची, जेवणाचा हिशेब मांडायचा, हे एकीकडे. आणि ज्या घरातले मूल यंदा शाळा संपवत असेल त्या घरात दुसरीकडे १ मे या तारखेची धास्ती. लहानपणी महाराष्ट्र दिनाची सुट्टी म्हणून ठाऊक असलेली ही तारीख अमेरिकेत आल्यावर कॉलेज-निवडीचा अखेरचा दिवस म्हणून आमच्या नव्याने ओळखीची झाली. त्या दिवसापर्यंत मुलाने एक कॉलेज निवडायचे, 'मी येणार' असे कळवायचे आणि प्रवेशाचे डिपॉझिट भरायचे. ही रक्कम कुठे १०० डॉलर, कुठे ५००, क्वचित त्याहूनही अधिक. आणि बहुधा परत न मिळणारी.

हे डिपॉझिट भरल्यानंतर माघार घेणे योग्य की अयोग्य, असे विचारणारे फोन दर वर्षी मे-जूनमध्ये आम्हाला येतात. फोन करणारे सगळे कायद्याने वागणारे, कर वेळेवर भरणारे, मुलांना पंचशील शिकवणारे लोक. त्यांचा प्रश्न पैशांचा वाटतो, पण बोलता बोलता तो दुसरीकडेच वळतो. आमच्या घरातही तो तसाच वळला होता.

आमच्या थोरल्या मुलीने एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका लहान खाजगी कॉलेजचे ४०० डॉलर भरले. कॉलेज चांगले होते, त्यांनी शिष्यवृत्तीही देऊ केली होती. तरी वर्षाकाठी आमच्यावर पडणारा भार मोठाच होता. आम्ही राहतो त्या राज्याच्या सरकारी विद्यापीठाने तिला प्रतीक्षायादीत ठेवले होते. त्या यादीतून कोणाला कधी बोलावणे येईल याचा नेम नसतो, म्हणून ती आशा आम्ही मनातून काढून टाकली होती. मेच्या तिसऱ्या आठवड्यात बोलावणे आले. उत्तराला मुदत चार दिवसांची. दोन्हीकडच्या खर्चात वर्षाला सुमारे १८ हजार डॉलरांचा फरक. तिच्या मागे धाकटा आहे, नागपूरला वयस्कर आजी आहे, तिची औषधे आहेत. पैशाच्या अंगाने पाहिले तर निर्णय पाच मिनिटांचा होता. तो पाच मिनिटांत झाला नाही, कारण मुलीनेच विचारले, "पण बाबा, आपण त्यांना हो म्हटलंय ना? सही केलीय मी."

या प्रश्नाला 'सगळेच असे करतात' हे उत्तर देता येत नाही. निदान जिला आपण लहानपणापासून चौथे शील समजावून सांगत आलो, तिला तरी नाही.

आपल्या भाषेत अशा रकमेसाठी दोन शब्द आहेत आणि ते दोन निराळ्या नीती सांगतात. अनामत म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. ग्रंथालयाची अनामत, भाड्याच्या खोलीची अनामत; पुस्तक परत केले, खोली रिकामी केली, की ती परत मिळालीच पाहिजे. इसाराचे तसे नाही. बैलाचा, शेताचा, घराचा सौदा ठरला की घेणारा थोडी रक्कम विकणाऱ्याच्या हातावर ठेवतो. सौदा पक्का झाल्याची ती खूण. घेणारा फिरला तर इसार बुडतो. विकणारा फिरला तर तो परत करतो, कुठे कुठे दुपटीने. म्हणजे कोणी तरी फिरू शकेल हे दोघांनीही धरून चाललेले असते आणि फिरण्याची किंमत आधीच ठरलेली असते. इथल्या कॉलेजांचे डिपॉझिट नावाने अनामतीसारखे वाटते, स्वभावाने ते इसार आहे. हे ध्यानात आल्यावर आमच्या मनावरचे निम्मे ओझे उतरले. ४०० डॉलर सोडून देणे हाच त्या कराराचा एक भाग होता. ते परत मागण्याचा हक्क आम्हाला नव्हता, आणि ते सोडल्यावर त्यांचे देणेही उरत नव्हते.

उरलेल्या निम्म्याचा निकाल आजीने लावला. तिचे माहेर वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात. तिच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात एकदाच बैलजोडी घेतली, तीही दुसऱ्या बाजारी दिलेला इसार बुडवून. रविवारच्या फोनवर नातीने सगळी हकीकत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "बुडला तं बुडला इसार. पण त्याले आजच सांगून दे. त्याचा बैल उगाच बांधून नोको ठेवू, दुसरं गिऱ्हाईक परत जाईन."

या विषयावर पुढे आम्ही बरेच वाचले. त्यात या वाक्याहून नेमके काही सापडले नाही.

कॉलेजांची बाजूही पाहिली पाहिजे, कारण पुष्कळ घरांत ती नको इतकी पवित्र मानली जाते. आलेले पत्र सुंदर असते, त्यावर मुलाचे नाव असते, आणि आपल्याला वाटते की एवढ्या मोठ्या संस्थेचा आपण अपमान करतो आहोत. वास्तविक कॉलेजे हा हिशेब आपल्याहून बारकाईने करतात. बोलावलेल्यांपैकी किती येतील याचा अंदाज बांधूनच ती जागांपेक्षा कितीतरी अधिक मुलांना प्रवेश देऊ करतात. डिपॉझिट भरूनही सत्राच्या सुरुवातीला न उगवणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे खास शब्द आहे, 'समर मेल्ट', म्हणजे उन्हाळ्यात वितळणे. ज्या गोष्टीला धंद्याने नावसुद्धा दिले आहे ती त्याला अनपेक्षित नसते. प्रवेश-समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, नॅकॅकच्या, आचारसंहितेत पूर्वी असा नियम होता की, १ मे नंतर दुसरीकडे होकार देऊन बसलेल्या विद्यार्थ्याला कोणी ओढू पाहू नये. अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याला हरकत घेतली. असा नियम म्हणजे कॉलेजांनी संगनमताने स्पर्धा टाळणे आणि त्यात तोटा विद्यार्थ्याचा, असे खात्याचे म्हणणे. सप्टेंबर २०१९ मध्ये संघटनेने तो नियम काढून टाकला. डिसेंबरमध्ये खात्याने खटला दाखल केला आणि तडजोडीचा मसुदाही त्याच वेळी न्यायालयात ठेवला. तेव्हा आता कायद्याच्या नजरेत १ मे नंतर मन बदलणारे मूल दगाबाज ठरत नाही. बाजारातला तो एक ग्राहक असतो. हा युक्तिवाद आम्हाला पटतो. पुरेसा मात्र वाटत नाही, कारण ग्राहक दुकानातून निघून गेला तर त्याची खुर्ची आपोआप मोकळी होते. इथे ती होत नाही.

आम्ही दोघेही महाराष्ट्रात शिकलो. आमच्या काळी दोन कॉलेजांत जागा अडवून ठेवणे जवळजवळ अशक्य होते. कॉलेज पैसे घेत असे ते निराळे, पण खरा इसार होता शाळा सोडल्याचा मूळ दाखला. दाखला, गुणपत्रिका, जातीचे प्रमाणपत्र, सगळा गठ्ठा कॉलेजच्या कपाटात. प्रवेश रद्द करायचा म्हणजे खिडकीसमोर चार चकरा, कारकुनाची उलटतपासणी, आणि आडनाव व प्रमाणपत्र पाहून त्याच्या चेहऱ्यावर उमटणारे ते ओळखीचे भाव. कागद अडकवून ठेवण्याची ही रीत किती जाचक होती हे आपल्या वाचकांना सांगायला नको. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली मूळ कागदपत्रे ठेवून घेण्यास मनाई केली आणि शुल्क परत करण्याचे टप्पे ठरवून दिले. प्रवेशाच्या अखेरच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी कळवले तर प्रक्रियेचा किरकोळ खर्च वगळता सारे परत. तारीख उलटून ३० दिवस झाल्यावर काहीच नाही. मन का बदलले याची चौकशी या नियमात नाही, किती लवकर कळवले याची आहे. वर्ध्याच्या बाजाराचाच हा नियम, फक्त राजपत्राच्या भाषेत.

अमेरिकेत कपाटही नाही आणि खिडकीही नाही. मुलाच्या शब्दावर सारे चालते. बहुतेक मुले ज्या 'कॉमन ॲप'वरून अर्ज करतात, त्यात अर्ज पाठवतानाच एक प्रतिज्ञा असते: प्रवेशाचे डिपॉझिट मी एकाच संस्थेला पाठवीन. याला अपवाद प्रतीक्षायादीचा. तिथून बोलावणे आले तर दुसरीकडे डिपॉझिट भरता येते, मात्र पहिल्या संस्थेला 'आता मी येत नाही' असे कळवण्याच्या अटीवर. आम्ही मुलीला जवळ बसवून ते कलम पुन्हा वाचले. तिच्या सहीत काय काय सामावले होते ते तिने स्वतःच ताडून पाहिले, आणि तिचा चेहरा सैल झाला. माघार तिच्या शब्दात बसत होती. गप्प राहणे बसत नव्हते.

आम्हाला न पटणारी गोष्ट हीच: दोन ठिकाणी डिपॉझिट भरून ऑगस्टपर्यंत दोन्ही दारे उघडी ठेवणे. ही सवय आपल्यातही शिरली आहे. "कोण विचारतंय? चारशे डॉलर तर आहेत," असे आमच्याच मासिक वंदनेनंतर चहाच्या वेळी आम्ही ऐकले आहे. बोलणारे गृहस्थ वाईट नाहीत. मुलीला चांगली पॅकेज मिळावी एवढीच त्यांची धडपड. पण चारशे डॉलर कॉलेजला मिळतात, जागा मात्र तिसऱ्याच मुलाची अडकते. आणि जागा हा शब्द आपल्या कानाला इतरांसारखा ऐकू येत नाही. राखीव जागा, भरलेली जागा, 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारून वर्षानुवर्षे रिकामी ठेवलेली जागा, अनुशेष. आपल्या आईवडिलांच्या पिढीचे अर्धे आयुष्य या शब्दाभोवती गेले. रिकामी असूनही मिळत नाही अशी जागा म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तशीच एक जागा स्वतःच्या मुलाच्या नावाने अडवून ठेवावी हे आम्हाला बोचते.

आम्ही सोडलेली जागा कोणाला तरी मिळालीच असेल असा आमचा दावा नाही. कॉलेजने ती भरलीही नसेल. पण आमच्या मुलीला सरकारी विद्यापीठाचे बोलावणे आले ते कुठल्या तरी अनोळखी मुलामुलींनी 'आम्ही येत नाही' असे वेळेवर कळवल्यामुळेच ना? त्यांनी ऑगस्टपर्यंत तोंड मिटून ठेवले असते तर आम्ही आजही ते १८ हजार दर वर्षी भरत असतो.

हा विषय निघाला की कोणी तरी बडोद्याचे उदाहरण काढतो. १९१३ साली बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेताना बाबासाहेबांनी शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची चाकरी करण्याचा करार केला होता. ती दहा वर्षे काही भरली नाहीत. तेव्हा करार मोडणे एवढे वावगे नाही, असा हा तर्क. तो आम्हाला मुळीच मान्य नाही, आणि जयंतीच्या जेवणाच्या रांगेत एका मित्राला आम्ही तसे जरा चढ्या आवाजात सांगितलेही. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली बाबासाहेब परतले ते बडोद्याची चाकरी करायलाच गेले. शहरात त्यांना कोणी घर दिले नाही. पारशी धर्मशाळेत दुसऱ्या नावाने काढलेले दिवस आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन दारात उभी राहिलेली माणसे, हे सारे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. शब्द पाळायला गेलेल्या माणसाला छप्पर नाकारले गेले, ती गोष्ट निराळी. पैसे वाचवण्यासाठी कॉलेज बदलणाऱ्या आमच्या घराची गोष्ट निराळी. आपल्या सोयीसाठी त्यांच्या दुःखाचा दाखला देऊ नये.

त्याच काळातली दुसरी एक गोष्ट मात्र या विषयाला खरोखर जवळची आहे. लंडन सोडण्यापूर्वी बाबासाहेबांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. १९२० साली ते परत गेले आणि तो पुरा केला. अडचण आली तेव्हा ती झाकून ठेवली नाही. ज्यांच्याकडे जागा होती त्यांना सांगून मुदत घेतली.

ही गोष्ट आम्हाला विशेषकरून व्हिसावरच्या कुटुंबांना सांगावीशी वाटते. एच-१बीवर असलेल्या पालकाची नोकरी गेली तर हातात ६० दिवस असतात. मुलगा एच-४वर असेल तर त्याला सरकारी आर्थिक मदत मिळत नाही. अशा घराने अमेरिकेत एक आणि कॅनडात एक असे दोन इसार दिले तर त्यांना नीतीचे धडे देण्याचा आमचा अधिकार नाही. तरीही आम्ही एवढे सुचवतो की, आधी कॉलेजला लिहून पाहा. परिस्थिती खरीखुरी मांडून मुदत मागितली तर पुष्कळ कॉलेजे ती देतात. ज्यांना अर्जाचे शुल्क माफ झाले होते अशांना डिपॉझिटही कित्येक ठिकाणी माफ होते. मागायचा संकोच आपल्या लोकांत फार. 'त्यांनी नाही म्हटले तर' या भीतीने आपण न मागताच लपवतो.

शिवाय मुदत चुकवण्याचे काम दर वेळी आपणच करतो असेही नाही. २०२३ साली सरकारी मदतीच्या अर्जाचा, फाफ्साचा, नवा नमुना एरवीच्या १ ऑक्टोबरऐवजी डिसेंबरच्या अगदी अखेरीस उघडला, आणि कॉलेजांकडे माहिती पोहोचायला मार्च उजाडला. किती मदत मिळणार हे न कळताच हजारो घरांपुढे १ मे येऊन ठेपला. पुष्कळ कॉलेजांनी तारीख १५ मे किंवा १ जूनपर्यंत पुढे नेली, सर्वांनी नेली नाही. किंमत न सांगता इसार मागणाऱ्याला गिऱ्हाईक फिरले म्हणून रागावता येणार नाही.

दोन ठिकाणी मात्र आमचे मत कडक आहे. 'अर्ली डिसिजन'चा करार इसारासारखा नसतो. तिथे मूल, पालक आणि शाळेतले समुपदेशक असे तिघे सही करतात, आणि प्रवेश मिळाला तर येणारच असे लिहून देतात. मदत परवडण्याजोगी नसेल तरच सुटका. तिथे 'मन बदलले' हे कारण चालू नये, आणि मन बदलण्याची शक्यता असेल तर त्या रांगेत उभेच राहू नये. दुसरे, लहान मुलांच्या खाजगी शाळा. तिथे डिपॉझिटच्या मागे जो करार असतो त्यात बरेचदा एक तारीख दडलेली असते. ती उलटल्यावर माघार घेतली तर संपूर्ण वर्षाची फी देणे लागते. एका ओळखीच्या कुटुंबाने हा कागद न वाचता सही केली आणि मूल त्या शाळेत एकही दिवस न जाता महिनोन्महिने हप्ते भरले. इंग्लंडमधल्या वाचकांनीही आपल्या शाळेच्या करारात एका पूर्ण सत्राच्या पूर्वसूचनेची अट आहे का ते पाहून घ्यावे.

पत्राची गोष्ट राहिली. एका हितचिंतकाने सुचवले होते, "घरात अडचण आली असं लिहा, चारशे परत मिळतील." आमच्या घरात अडचण आली नव्हती, चांगली बातमी आली होती. नव्या विद्यापीठाचा होकार पक्का झाला त्याच संध्याकाळी मुलीने स्वतः चार ओळी लिहिल्या: प्रतीक्षायादीतून बोलावणे आले आहे, मी तिकडे जात आहे, माझी जागा आणि वसतिगृहातली खाट मोकळी करावी, शिष्यवृत्ती देऊ केल्याबद्दल आभार. रक्कम परत मागितली नाही.

ते पत्र तिला जड गेले नाही. जड गेला तो दुसरा निरोप. ओहायोतल्या एका मुलीशी तिने खोली वाटून घ्यायचे ठरवले होते. पडदे कोणी आणायचे, लहान फ्रीज कोणी, इथपर्यंत बोलणे झाले होते. कुठल्याही करारात त्या मुलीचे नाव नव्हते, कुठलीही रक्कम तिच्या नावाने बुडत नव्हती. तरी मुलीने कॉलेजच्या आधी तिला फोन केला, आणि खोलीचे दार लावून घेऊन बराच वेळ बोलत राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. आम्ही काही विचारले नाही.

कॉलेजचे उत्तर सोमवारी आले, दोन ओळींचे आणि सौजन्याचे. प्रवेश-दिनाला गेलो होतो तेव्हा त्या कॉलेजच्या दुकानातून नाव छापलेला एक जाड स्वेटशर्ट हौसेने घेतला होता. तो मुलीला घालवेना आणि टाकवेना. पुढच्या डिसेंबरात आम्ही तो नागपूरला नेला. आता हिवाळ्यात पहाटे विहारात जाताना पांढऱ्या लुगड्यावर आजी तोच घालते, आणि कोणी विचारले की नातीच्या कॉलेजचा आहे म्हणून सांगते.